मेल्यावर कुणाच्या डोळ्यांतून

महापुरानंतर मगदूमांनी कॅफेची सगळी मशिनं
भंगारात किलोवर घातली.
एक हार्डडिस्क तेवढी मला दिली.
"तुमचंच हाय यात सगळं. चाललं तर बघ."
तेव्हापासून ती लेथच्या ड्रॉवरमध्ये,
ड्रिलबिटांच्या शेजारी,
स्क्रूच्या खाचेत पंचगंगेचा वाळलेला गाळ.

काल सोमवार, कारखाना बंद.
पोराच्या लॅपटॉपला वायर लावली.
डिस्क खाकरली, थांबली, परत खाकरली,
आणि चालू झाली, मर्दा,
चालू झाली.

तेच वाळवंटातलं गाव.
पिवळ्या भिंती, लाकडी पेट्या,
कुणीच राहत नसलेली घरं.
पाच दिवस पाण्याखाली राहून आलेलं गाव
आणि एक भिंत ओली नाही.

हात काही विसरले नव्हते.
बोगदा, जिना, मग ते दार,
त्या दारातून गोळी आरपार जाते
हे बोटाला अजून पाठ.
पोट मात्र विसरलं होतं.
दहा मिनिटांत ढवळायला लागलं,
गगनबावड्याच्या घाटात
एसटीच्या मागच्या बाकावर बसल्यागत.
पाणी पिऊन आलो. चष्मा बदलला.

शाहूपुरी, सहावी गल्ली, अर्धं खाली ओढलेलं शटर.
रात्री दहा ते सहा, पन्नास रुपये.
मुबारक शिकलगार माऊसच्या पोटातला गोळा काढून
त्याची मळी नखानं खरवडत बसायचा,
जसं काय बंदूकच साफ करतोय.
आणि भूपाल कायम पहिला मरायचा.
थांबणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

त्या खेळात मेलेला माणूस
जिवंताच्या डोळ्यांतून बघतो.
भूपाल शेजारच्या खुर्चीवरून
माझ्या डोळ्यांत येऊन बसायचा
आणि बोंबलायचा,
"डावीकडं! डावीकडं बघ की, आंधळ्या!"
मी वाचायचो.

गडी कमी पडले की मगदूम बॉट सोडायचे,
त्यांना आमचीच नावं देऊन,
आम्ही चिडावं म्हणून.
काल यादीत सगळे हजर.
मुबारकला दोनदा मारला.
तो कुवेतला असतो. त्याला फोटो पाठवला,
त्यानं हसून लोळणारं तोंड पाठवलं.
भूपाल माझ्याच बाजूला होता.
जपून चालत होता, कोपऱ्यावर थांबत होता.
भूपाल असा कधीच चालला नसता.

खरा भूपाल जयसिंगपुरात असतो,
गाडीनं तासाभरावर.
पतसंस्थेचा फॉर्म घेऊन आला होता तो,
पेनाचं टोपण काढून पेन पुढं केलं होतं.
मी म्हणालो, बायकोला विचारतो.
बायकोला विचारलं नाही.

पाचव्या डावात मी मेलो, पाठीत गोळी.
धनपालनं मारला,
म्हणजे धनपाल नावाच्या कशानं तरी.
पडदा काळा झाला,
आणि उजाडला तेव्हा मी भूपालच्या डोळ्यांत.

तो एका कोपऱ्यात अडकला होता.
भिंतीला तोंड लावून पळत होता,
जागच्या जागी,
पाय वाजत होते नुसते.
"उजवीकडं," मी म्हणालो.
मोठ्यानं म्हणालो. घरात कुणी नव्हतं.
"उजवीकडं वळ की, भावा."
तो पळतच राहिला.

डाव संपायला एक मिनिट चाळीस सेकंद होते.
तेवढा वेळ ती भिंत बघितली.
गिलाव्याला तडा,
तड्याखाली विटांच्या चार ओळी,
एका विटेचा कोपरा उडालेला,
त्यात बारकीशी सावलीसुद्धा.
कुणीतरी रात्री जागून केलं असणार हे.
एवढी वर्षं आम्ही
इथून नुसते पळत गेलो.